धारेचे घर

पुण्याच्या जुन्या बाजारात, रविवारच्या उन्हात पसरलेल्या एका ताडपत्रीवर, काटे गळालेली घड्याळे, कुलपांना मुकलेल्या किल्ल्या, झाकणे हरवलेले पितळी डबे आणि कुणाच्या तरी दारावरून उतरलेली नावाची पाटी यांच्या दाटीत मला तो वस्तरा दिसला. मिटलेला होता. हातात घेतला तेव्हा मुठीवर इतका मळ साचलेला होता की ती लाकडाची, हाडाची की नुसत्या काळाचीच, हे बोटांना कळेना. पाते उघडून पाहिले. त्याच्या मानेवर पुसट अक्षरांत ‘शेफिल्ड’ एवढेच वाचता येत होते, कारागिराचे नाव केव्हाच घासून गेले होते. ताडपत्रीमागे बसलेल्या गृहस्थांनी माझी चलबिचल ओळखली आणि धीर दिला, ‘पातं चांगलं आहे साहेब, धार लावली की झालं. मूठ तेवढी बदलून घ्या.’ मी पैसे दिले, वस्तरा पिशवीत टाकला, आणि घरी पोचेपर्यंत ते शेवटचे वाक्य माझ्या मागोमाग येत राहिले. मूठ बदलली, तर जे उरेल ते मी आणलेलेच असेल का?

धारेविषयी माणसाने पुष्कळ चिंतन केले आहे. कठोपनिषदाने आत्मज्ञानाच्या वाटेला वस्तऱ्याच्या धारेची उपमा दिली, आणि ती इतकी अचूक बसली की सॉमरसेट मॉमने १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कादंबरीचे नावच तिच्यावरून घेतले. चौदाव्या शतकातील ओकमच्या विल्यमने तर्काला जी काटकसर शिकवली, तिलाही पुढच्यांनी ‘ओकमचा वस्तरा’ म्हटले. ज्यावाचून भागते ते गृहीत धरू नये, कापून टाकावे, असे तो वस्तरा सांगतो. धारेवरून चालणारे साधक आणि धारेने छाटणारे तार्किक यांच्या या थोर परंपरेत, तो वस्तरा धरायचा कशाने, असे मात्र कुणी विचारल्याचे आठवत नाही. तलवारीला मूठ वेगळी आणि म्यान वेगळे. वस्तऱ्याला दोन्ही एकच. उघडला की जी मूठ असते, तीच मिटल्यावर म्यान होते. जी हाताला आधार देते, तीच धारेला निवारा देते आणि जगाला धारेपासून वाचवते. सकाळची पाच-दहा मिनिटे वगळली तर वस्तऱ्याचे सारे आयुष्य या दोन पाकळ्यांच्या आतच सरते. मूठ हे धारेचे घर आहे, आणि घराविषयी तत्त्वज्ञान लिहायला सहसा कुणी बसत नाही. त्यासाठी माणूस अरण्यात जातो.

पहिल्या दिवशी मी फक्त ओले फडके फिरवले. धारेवर कागदाची जाड पट्टी चिकटवली, कोमट पाण्यात थेंबभर सौम्य साबण कालवला, आणि पिळून घेतलेल्या फडक्याने पाकळ्या पुसत गेलो. जिथे फडके पोचेना तिथे जुना मऊ दातब्रश, आणि दोन पाकळ्यांच्या मधल्या चिंचोळ्या अंधारात दातकोरणीला गुंडाळलेला कापूस. त्या अंधारातून जे बाहेर आले ते पाहण्यासारखे होते: वाळून खडू झालेला फेस, गंजाची तांबूस पूड, आणि बारीक बारीक, करड्या रंगाचे काहीतरी, जे कधीकाळी कुणाच्या तरी गालावर होते. मग मूठ खिडकीशी धरली. काळ्या रंगाच्या पोटात मधाच्या रंगाची एक रेघ पेटली, आणि ओळख पटली. ते म्हशीचे शिंग होते.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या चाकू-वस्तऱ्यांच्या मुठींसाठी म्हशीचे शिंग हिंदुस्थानातून जहाजे भरभरून जात असे. शिंग तापवले की मऊ पडते, दाबले की सपाट होते, आणि थंड होताना दिलेला आकार धरून ठेवते. प्लॅस्टिक जन्मण्याच्या कितीतरी आधी निसर्गाने माणसाच्या हाती ठेवलेले ते प्लॅस्टिकच. तेव्हा असेही असेल, की इथल्याच एखाद्या गावतळ्यात दुपारभर डुंबलेल्या जनावराचे शिंग समुद्र ओलांडून गेले, परक्या पोलादाचे घर झाले, आणि पुन्हा समुद्र ओलांडून आपल्याच मुलखात, पण आपली ओळख विसरून, परत आले. पैठणला रेड्याच्या मुखातून वेद वदवल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्या कथेतल्या रेड्याला वाचा मिळाली. व्यापाराच्या कथेत जनावरे मुकीच राहतात, आणि त्यांचा प्रवास वाचायचा तर मळाखालची एक रेघ उजेडात धरावी लागते.

शिंगाबद्दल आणखी एक गोष्ट आहे, जी कळल्यापासून मला दाढीच्या वेळी आरशात बघताना थोडे हसू येते. शिंग, नख, खूर, लोकर आणि केस ही सारी केराटिन या एकाच द्रव्याची रूपे. मुठीवर बारीक पॉलिश पेपर फिरवायला घ्या, चार-सहा हातांतच केस जळाल्यासारखा वास दरवळू लागतो. लोकरीची शाल खाणारी कसर संधी मिळाली तर याही मुठीला भोके पाडते. म्हणजे वस्तऱ्याने दाढी करणारा माणूस केसाचेच एक भावंड मुठीत धरून केस कापत असतो. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण ज्याला सुचली त्याने झाडांच्या बाजूने विचार केला होता. वस्तऱ्याच्या मुठीला ती लावावी तर थोडी सौम्य करून घ्यावी लागेल, कारण कापलेले झाड पुन्हा उभे राहील याची शाश्वती नसते, आणि दाढी मात्र दुसऱ्या सकाळी, काही झालेच नाही अशा थाटात, पुन्हा हजर होते. आपल्याच द्रव्यातून काही भाग घट्ट करून आपल्यावरच चालवायचा, हा उद्योग माणूस केवळ वस्तऱ्यापुरता करतो असेही नाही. विवेक म्हणतात तो याहून फार वेगळा नसावा.

दुसऱ्या दिवशी खरा प्रश्न उभा राहिला. साबणाने जायचा तो मळ गेला होता, आणि तरीही मूठ नवी दिसत नव्हती. अंगठा जिथे टेकतो तिथे शिंग किंचित खोलगट झाले होते आणि त्या खोलगटात एक मंद झिलई होती. पाकळ्यांच्या टोकांकडे, जिथे हात क्वचित पोचला असेल, तिथे मात्र पृष्ठभाग कोरडा, करडा आणि चिरांनी भरलेला. मळ आणि झिलई ही दोन्ही हाताचीच देणी, पण एकमेकांच्या उलट. मळ म्हणजे हाताने वस्तूवर ठेवलेले काही. झिलई म्हणजे हाताने वस्तूतून नकळत काढून नेलेले काही. मंदिराच्या उंबऱ्यावर, जात्याच्या खुंट्यावर, शाळेच्या जिन्याच्या कठड्यावर जी चमक असते, ती खरे तर झीज असते. आपण तिला सौंदर्य म्हणतो, कारण ती झीज कुणा एकाच्या हट्टाने झालेली नसते, रोजच्या वापराने झालेली असते. सहाशे नंबरचा पॉलिश पेपर घेऊन, मग हजार, मग दोन हजार असे चढत गेलो असतो तर तासाभरात ती सगळी मूठ सारखी चमकली असती. पण तासाभरात आणलेली चमक आणि पन्नास वर्षांत आलेली चमक डोळ्यांना एकच दिसली, तरी त्यांतली एक दुसरीला पुसूनच येते.

घाईचे फळ मी यापूर्वी एकदा चाखले आहे. तो दुसराच वस्तरा होता, कासवाच्या पाठीसारखी पिवळ्या-तपकिरी ठिपक्यांची मूठ असलेला. डाग जाईनात म्हणून मी नखांचा रंग काढायचे द्रव्य कापसावर घेऊन फिरवले, आणि पाहता पाहता मूठ चिकट झाली, ठिपके एकमेकांत वितळले, आणि घाबरून जिथे धरली तिथे माझ्या अंगठ्याचा ठसा कायमचा उमटला. ते कासव नव्हते, सेल्युलॉइड होते. हस्तिदंत आणि कासव महाग होत चालले तेव्हा माणसाने त्यांची सोंगे करायला घेतली. १८६२च्या लंडनच्या प्रदर्शनात अलेक्झांडर पार्क्सने असा एक पदार्थ मांडला, आणि १८७०च्या सुमारास अमेरिकेत जॉन वेस्ली हायटने नायट्रोसेल्युलोजमध्ये कापूर मिसळून त्याला सेल्युलॉइडचे रूप दिले. कापूर! जुनी सेल्युलॉइडची मूठ फडक्याने जोरात घासली तर अजूनही देवघरासारखा वास येतो. पण आरतीतला कापूर जळून मागे काही ठेवत नाही. सेल्युलॉइडचा अंत इतका सात्त्विक नसतो. जुने होत गेले की ते आतून कुजते, त्यातून आम्लाच्या वाफा सुटतात, आणि त्या वाफा पहिल्यांदा गाठतात कुणाला, तर त्याच्याच आश्रयाला असलेल्या पात्याला. मूठ धड दिसते आणि पाते मिटल्या जागी गंजून चाळण होते. म्हणून संग्राहक अशी मूठ इतर वस्तऱ्यांपासून दूर ठेवतात. आपल्या आरंभीच्या चित्रपटांच्या फितीही याच कुळातल्या. २००३च्या जानेवारीत पुण्यात साठवलेल्या कितीतरी जुन्या नायट्रेट फिती आगीत गेल्या. ज्या घरावर विसंबून आपण आपली धार, आपली चित्रे, आपल्या आठवणी ठेवून देतो, ते घरही काही द्रव्याचे बनलेले आहे आणि त्या द्रव्याचा स्वतःचा एक स्वभाव आहे, हे आपल्याला बहुधा उशिराच कळते.

हस्तिदंताचा स्वभाव त्याहून उदात्त. त्याला फार पाणी लावू नये, ऊन-थंडीचे धक्के देऊ नयेत; तो तडकतो. वयाबरोबर तो पिवळा होतो, आणि गंमत अशी की उजेडापेक्षा अंधारात अधिक पिवळा होतो. पेटीत जपून ठेवलेली मूठ टेबलावर पडून राहिलेल्या मुठीपेक्षा म्हातारी दिसते. श्रीमंत घरांसाठी शेफिल्डमध्ये सात वस्तऱ्यांच्या पेट्या बनत, मखमलीत ओळीने निजलेले सात भाऊ, हस्तिदंती मुठींचे, आणि प्रत्येकाच्या पाठीवर आपापल्या वाराचे नाव कोरलेले. धारेला विसावा हवा, एकदा काम केले की तिने आठवडाभर पडून राहावे, अशी त्यामागची समजूत. मला मात्र त्या पेटीत एक वेगळेच दुःख दिसते. रविवारच्या वस्तऱ्याची मूठ इतरांहून कमी झिजली असेल तर त्याचा मालक रविवारी दाढी करत नसावा. कुठलीच मूठ झिजलेली नसेल तर ती पेटी भेट म्हणून आली आणि भेट म्हणूनच राहिली. माणसाच्या आळसाची इतकी नेमकी रोजनिशी त्याने स्वतः कधीच लिहिली नसती.

ज्या पोलादासाठी हे सारे मुठींचे वैभव, त्याची जन्मकथाही काळाशीच बांधलेली. बेंजामिन हंट्समन हा मुळात डॉनकॅस्टरचा घड्याळजी. घड्याळाच्या स्प्रिंगांसाठी त्याला एकसंध पोलाद हवे होते, म्हणून १७४०च्या दशकात, शेफिल्डजवळ, त्याने मातीच्या मुशीत पोलाद वितळवून पाहिले. क्षण मोजण्यासाठी शोधलेले ते पोलाद वस्तऱ्यालाही मानवले. त्या पात्यांना आकार देणारे कामगार वाळूच्या दगडाच्या फिरत्या चाकावर ओणवून बसत, दगडाची धूळ श्वासात घेत, आणि त्यांतले पुष्कळजण ‘घासणाऱ्यांचा दमा’ छातीत घेऊन अकाली जात. गुळगुळीत गालांच्या मागे कुठेतरी ही खरखरीत छाती होती. याच शहरात, १८७५ साली, वॉकलीच्या चढावरच्या एका लहानशा घरात, जॉन रस्किनने कामगारांसाठी संग्रहालय उघडले. हाच तो रस्किन, ज्याने १८४९ साली स्थापत्यावरच्या आपल्या ग्रंथात, जुन्या वास्तूला पुन्हा नवी करणे ही पहिल्यापासून शेवटपर्यंत एक फसवणूक आहे, अशा अर्थाचा निवाडा दिला होता. मेलेल्याला उठवता येत नाही. जे हात ते करून गेले, ते परत बोलावता येत नाहीत.

आपल्या परंपरेला हा निवाडा परका वाटेल. आपल्याकडे जीर्णोद्धार हे पुण्य मानले गेले. मूर्ती झिजली तर तिला वज्रलेप करतात, कळसाचे पितळ कळकले तर उजळतात, आणि उद्धार झाल्यानंतर देव पूर्वीचाच आहे याविषयी कुणाच्या मनात संदेह नसतो. ज्याच्या ठायी पूजा चालू आहे त्याचा उद्धार करावा, आणि ज्याची पूजा थांबली आहे त्याचे अवशेष जपावेत, अशी काहीशी विभागणी मी मनाशी करून पाहिली. पण वस्तरा कोणत्या बाजूला घालावा? तो देवही नव्हता आणि अवशेषही नव्हता. तो मिटलेला होता, एवढेच.

तिसऱ्या दिवशी, खिळीभोवतीचे हिरवट कळक काढताना, पाचरीच्या बाजूला, जिथे दोन पाकळ्या एकमेकींना कायमच्या भेटतात, तिथे मला तीन रेघा दिसल्या. समांतर, आखूड, टोकदार कशाने तरी हाताने ओढलेल्या. आधी वाटले ओरखडे असतील; पण ओरखडे असे समान अंतर राखत नाहीत. कितीतरी वेळ मी त्या रेघांकडे बघत राहिलो. एकाच वस्तऱ्याच्या धन्याला आपल्या वस्तऱ्यावर आकडा घालण्याचे कारण नाही. सात वारांच्या पेटीचा धनी खिळ्याने रेघा ओढत नाही. तीन रेघा त्यालाच लागतात ज्याच्या हाताशी दिवसभरात अनेक वस्तरे असतात, आणि कोणता कालच सहाणेवर लावला, कोणता चामड्याच्या पट्ट्यावर दोन हात मारले की पुरे, कोणता गोंजारून चालवावा लागतो, हे ज्याला धोकटीत न बघता, अंगठ्यानेच ओळखायचे असते. माझ्या मनात, पुराव्यावाचून पण खात्रीने, एक न्हावी येऊन बसला.

तो इथला असेल की तिथला, हे सांगता येणार नाही. पण इथला असेल, तर बलुत्याच्या त्या व्यवस्थेतला कुणी असेल, जिथे धारेचा मोबदला धान्यात मिळे आणि ज्याच्या पुढ्यात गावचा पाटील रोज गळा उघडा टाकून निर्धास्त डोळे मिटे. इतका विश्वास राजालाही मिळत नाही. सेना महाराजांनी आपल्याच धंद्याच्या अवजारांत, आरशात आणि चिमट्यात, विवेक-वैराग्य पाहिले, याचे आपल्याला कौतुक वाटते. पण ज्याचा हात रोज दुसऱ्याच्या कंठावरून फिरतो, त्याला परमार्थ अवजारापासून दूर शोधावा लागत नाही, हेच अधिक खरे असावे. धार सगळ्यांच्याच हाती असते. ती कुठे थांबवायची, हे धार सांगत नाही. ते मुठीवरच्या बोटांना ठाऊक असते.

त्या रेघांनी माझे काम संपवले. पॉलिश पेपरचे सगळे तुकडे मी परत पाकिटात ठेवले. पितळी खिळींची डोकी कानशीने उडवून, पाकळ्या सुट्या करून, आतून-बाहेरून लखलखीत करून, नव्या खिळी ठोकून बसवाव्यात, हा बेतही सोडला; जुन्या खिळीचे डोके ज्या हातोडीच्या शंभर हलक्या ठोक्यांनी फुलले असेल, तिचा कारागीर त्या डोक्याखेरीज आणखी कुठेच उरलेला नाही. गुरांच्या नडग्या-पायांपासून काढतात ते तेल शिंगाला मानवते. ते बोटाला लावून मी कोरड्या टोकांवर चोळले, रात्रभर मुरू दिले, सकाळी कोरड्या फडक्याने निपटून घेतले. चिरा बुजल्या नाहीत, पण करडेपणा मावळला आणि शिंगाच्या पोटातली मधाची रेघ जरा जवळ आली. एवढेच केले. ओकमने सांगितलेली काटकसर, म्हटले तर, मी पाळली. फक्त कापून टाकण्याच्या यादीत माझ्या स्वतःच्या हौसेचेच नाव सर्वांत वर निघाले.

आता सलूनमध्येही असा वस्तरा दिसत नाही. किंग कॅम्प जिलेटला १९०४ साली फेकून द्यायच्या पात्याच्या वस्तऱ्याचे पेटंट मिळाले, आणि धार ही दोन दिवसांची पाहुणी झाली. आपल्या न्हाव्यांच्या हातातल्या वस्तऱ्यातही आज अर्धे पाते घालतात आणि गिऱ्हाईक उठले की फेकून देतात. आरोग्याच्या दृष्टीने ते योग्यच, त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. पण उलटापालट लक्षात घेण्याजोगी आहे. पूर्वी पाते पिढ्यान्‌पिढ्या टिके आणि मूठ तडकली तर बदलत. आता मूठ टिकते आणि पाते जाते.

जुन्या बाजारात परवा पुन्हा गेलो होतो. ताडपत्री तीच, घड्याळे दुसरी. गृहस्थांनी ओळखले आणि विचारले, ‘काय साहेब, बदलली का मूठ?’ तुमच्याही घरी, एखाद्या फडताळाच्या तळाशी, असा वस्तरा मिटून पडला असेल. तो बाहेर काढलात तर पॉलिश पेपर हाती घेण्याआधी मूठ एकदा उजेडात धरा, आणि तिच्यावरून नुसता अंगठा फिरवून पाहा. माझ्या वस्तऱ्याला पावसाळ्याच्या तोंडाशी दर वर्षी तेलाचे बोट लागते, तीन रेघांवरून अंगठा जातो, आणि पाते पुन्हा घरात जाते. मूठ बदललेली नाही.